गोधा, घोरपड आणि ‘शिकार’

अमरावती-अकोल्याच्या नव्या वसाहती शेतशिवारात सरकल्यावर अंगणात घोरपड निघावी, हे ओघानेच आले. तिला घराबाहेर कसे काढावे, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा. परंतु त्याच्या मुळाशी शब्दांचा इतिहास आहे. ‘गोधा’पासून ‘गौधेर’ हे रूप साधण्याचा नियम पाणिनीने दिला. मनुस्मृतीने गोधेची गणना भक्ष्य पंचनखांत केली. पुढे मुधोळच्या घोरपडे घराण्याचे नाव परंपरेने गड चढण्याशी जोडले. म्हणजे ती कधी अन्न, कधी साधन. संरक्षणाचा विषय म्हणून या उल्लेखांत ती आढळत नाही. हा पालट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने घडविला. आज ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बोलीत ‘शिकार’ म्हणजे प्रायः मारणे. अधिनियमाच्या व्याख्येत मात्र पकडणे व सापळा लावणेही येते. त्यामुळे सद्हेतूने पोत्यात घातलेली घोरपडही गृहस्थास अडचणीत आणू शकते. नाग-घोणसासारखे विषदंत तिला नाहीत. तेव्हा तिची वाट मोकळी ठेवून वनविभागास कळविणे, हेच इष्ट होय. कायद्याने रुंदावलेला हा अर्थ वऱ्हाडी बोलीत रुजणे अद्याप बाकी आहे.