माझं सेरोटोनिन कुणी मोजलं होतं?

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला नैराश्यावर गोळी लिहून दिली. समजावताना ते म्हणाले, "मेंदूत सेरोटोनिन कमी पडतंय. डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडतं ना, तसंच." शेजारी बसलेल्या आईचा चेहरा एकदम सैल झाला. केमिकल कमी आहे म्हणजे तिच्या वाढवण्यात काही चुकलं नाही आणि मीही आळशी नाही. घरी जाताना रिक्षात हे ती तीनदा म्हणाली.

सहा आठवड्यांत मला पुन्हा झोप लागू लागली. डोकं चालायला लागलं तसा एक प्रश्न पडला : माझं सेरोटोनिन मोजलं कुणी? रक्त घेतलं नव्हतं, स्कॅन काढला नव्हता. शोधल्यावर कळलं, सेरोटोनिन मोजून नैराश्याचं निदान करणारी चाचणीच नाही. मग ते वाक्य आलं कुठून? धागा धरून मागे गेलो, तर तो आपल्याच देशातल्या एका मुळीपाशी पोचला.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. बिहारमध्ये तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ही मुळी वेडावर (तेव्हाचा शब्द) आणि रक्तदाबावरही चालते. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम मांडले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत या मुळीतला मुख्य घटक वेगळा झाला : रिसर्पिन. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना देऊन पाहिला आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. १९५७ साली वकील आणि क्लाइन दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

इथपर्यंत सरळ गोष्ट आहे. औषध सापडलं, उपयोगी पडलं. ते का चालतं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच काळात रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या.

दुसरं टोक क्षयरोगाच्या वॉर्डात होतं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं, तर त्यांना भूक लागली, तरतरी आली, मूडही सुधारला. हे औषध सेरोटोनिन आणि त्याच्या भावंडांना मोडणारं एन्झाइम अडवतं. मग दोन टोकं जोडली गेली : रसायन घटलं की उदासी, वाढलं की उभारी. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरएपिनेफ्रिनवर बोट ठेवलं. पुढे ब्रिटनच्या अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनची बाजू मांडली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत प्रोझॅकला मंजुरी मिळाली. जाहिरातींतून हा अंदाज घराघरांत पोचेपर्यंत त्याचं 'सत्य' झालं होतं.

माझ्या धंद्यात ही चूक रोज दिसते. सर्व्हर अडकतो, आपण रिस्टार्ट करतो, चालू होतो. म्हणून अहवालात 'बिघाडाचं कारण : रिस्टार्टची कमतरता' असं कुणी लिहीत नाही. उपाय सापडणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं. पण मनाच्या आजारात उपायावरून उलटं चालत कारण ठरवलं गेलं.

त्यात एक पुरावा बाजूलाच पडला. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना रिसर्पिन देऊन खोट्या गोळीशी तुलना केली. 'लॅन्सेट'मध्ये छापलेला निकाल असा, की रिसर्पिनवाल्यांना बरं वाटलं! जे औषध उदासी आणतं असं गृहीत धरलं, तेच इथे ती कमी करत होतं. दुसरी अडचण वेळेची. आजच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करतात, मन सावरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. शिल्डक्राउट यांनी स्वतःच आपल्या मांडणीला फार तर अतिसुलभीकरण म्हटलं होतं. ती सावधगिरी वाटेत गळली. २०२२ मध्ये जोआना मोनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा कमी सेरोटोनिनमुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा सापडला नाही.

इथे थांबा. याचा अर्थ गोळ्या खोट्या, असा नाही. २०१८ मध्ये अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांमध्ये २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, फरक सरासरीने मध्यमच असला तरी. रिस्टार्टने सर्व्हर चालतो, हेही खरंच असतं. आणि हे वाचून कुणी गोळी अचानक बंद करू नये. त्याचा शरीराला त्रास होतो. डॉक्टरांशी बोलूनच हळूहळू कमी करायची असते.

नैराश्याचं एकच कारण नाही. घराण्यातून आलेलं काही, लहानपणचे घाव, कर्ज, नोकरी, दुखणं, एकटेपण हे सगळं त्यात गुंतलेलं असतं. म्हणूनच समुपदेशनानेही अनेकांना बरं वाटतं. ही यादी किचकट आहे, 'केमिकल कमी' या दोन शब्दांइतकी सोपी नाही. पण त्या दोन शब्दांनी मला वर्षभर असंही वाटायला लावलं, की माझा मेंदू कारखान्यातूनच सदोष आलाय.

गेल्या महिन्यात हे सगळं आईला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे चूक आपलीच होती का रे?" तेव्हा कळलं, तिला सेरोटोनिन कधी नकोच होतं. तिला निर्दोष सुटायचं होतं, आणि मलाही. म्हटलं, "नाही गं. दमा होतो तेव्हा आपण कुणाची चूक शोधतो का?"

तिने चहा ठेवला आणि विचारलं, "गोळी घेतलीस का?"

घेतली होती.