चूकभूल द्यावी घ्यावी

एखाद्या जुन्या दुकानाचं बिल हातात आलं, तर त्याची शेवटची ओळ वाचा. 'चू. भू. द्या. घ्या.' म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. रकमेची बेरीज झाल्यावर, सहीच्या शेजारी, दुकानदार कबूल करतो की हिशोबात चूक राहिलेली असू शकते. निघालीच तर दोघं मिळून दुरुस्त करू. आता बिलांची ही दुरुस्ती एआय एजंट करू लागले आहेत. आधी ती कशी व्हायची, हे लातूरच्या बाजारपेठेत सापडतं.

लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ती आखली. मधोमध अंबाबाईचं मंदिर, भोवती गोल दुमजली पेठ आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. लातूर आणि नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नांदेडहून मीटरगेज रेल्वे मनमाड आणि सिकंदराबादकडे जायची. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये आली होती. ती बार्शी-कुर्डुवाडीकडे, म्हणजे ब्रिटिश मुलखात जायची.

हद्द ओलांडली की रुपया बदलायचा. संस्थानात हाली सिक्का, पलीकडे कलदार. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे लातूरचा ७०० रुपये हालीचा माल बार्शीच्या व्यापाऱ्याला ६०० रुपये कलदारला पडणार. बिलावर 'हाली' हा एक शब्द राहून गेला, तर सरळ शंभर रुपयांचा घोळ. त्यात रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. हाली सिक्का तर संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यावरही काही वर्षं चालत राहिला.

असल्या हिशोबात चुका होणारच, हे धरूनच वह्या ठेवल्या जायच्या. दिवसभराचे सौदे आधी कच्च्या वहीत. तिथे खोडा, बदला, पान फाडा, कुणी विचारणार नाही. मग मुनीम ते ताडून पाहायचा आणि रोजकीर्दीत उतरवायचा. तिथून ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत. पक्क्या वहीत मात्र खाडाखोड चालायची नाही. चूक सापडली तर जुना आकडा तसाच ठेवून, सापडली त्या दिवशी उलटी नोंद करायची. वही पेढीची पत होती, आणि भांडण कोर्टात गेलं तर पुरावाही. खाडाखोड दिसली की दोन्ही गेलं.

पुढे 'कच्चं बिल' या शब्दाला दुसराच वास चिकटला. पक्कं कधी होणारच नाही, असं बिल. त्यात कर बुडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कच्च्या चिठ्ठीवर माल घालणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे अडकले, तर त्याच्या हातात भक्कम पुरावा उरत नाही, हे कमी बोललं जातं.

कायद्याने जुनीच शिस्त नव्या भाषेत आणली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. दिलेलं बिल चुकलं तर ते गुपचूप बदलायचं नाही, क्रेडिट किंवा डेबिट नोट काढायची. म्हणजे मुनीमाची उलटी नोंदच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद बंद करता येत नाही.

एजंटलाही हीच वेस घातलेली दिसते. न्यूझीलंडच्या झेरो या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने एआय एजंटसाठी साधनं दिली आहेत. त्यातल्या बिल बदलण्याच्या साधनाला फक्त ड्राफ्ट, म्हणजे कच्चं बिल बदलता येतं. पण त्यात एक मेख आहे. बदल करताना बिलातल्या सगळ्या ओळी पुन्हा पाठवाव्या लागतात. जी पाठवली नाही, ती उडते. समजा, लातूरच्या एखाद्या डाळ मिलच्या बिलात तूरडाळीचे ५० कट्टे, हमाली आणि गाडीभाडं अशा तीन ओळी आहेत. तुम्ही सांगितलं, '५० नको, ४५ कर.' एजंटने डाळीची तेवढी ओळ पाठवली, तर कट्टे बरोबर होतील आणि हमाली, भाडं गायब. बेरीज मात्र बिनचूक दिसेल.

जुनी बिलं पाहून शिकण्यातही फसगत आहे. महाराष्ट्रात पूर्वी अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. जुन्या पट्ट्यांच्या नमुन्यावर नवी पट्टी बनवली, तर तीच ओळ पुन्हा शेतकऱ्याच्या माथी बसेल.

म्हणून कच्चं एजंटला खुशाल लिहू द्या. त्याचा हात थकत नाही आणि सात-सहाचा हिशोब त्याला अवघड नाही. पण पक्कं करण्याआधी प्रत्येक ओळ माणसाने वाचायला हवी. चूक निघाली तर समोरच्याला तोंड द्यायचं असतं, येणं सोडायचं किंवा देणं फेडायचं असतं. 'द्यावी घ्यावी' म्हणायला दोन्ही बाजूंना माणसं लागतात.