एकच इंजिन, तीन नावं

मित्रहो, मागच्या वेळी आपण ‘स्पर्धा’ या शब्दाचा विचार केला. आज त्याची दुसरी बाजू पाहू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मोटारीतलं आम्हाला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण हा प्रश्न आम्हाला मोटारीनेच घातला.

साधारण २००९ साल आठवा. डिझेल गाडी घ्यायची तर मारुतीची स्विफ्ट की टाटांची इंडिका व्हिस्टा, यावर घराघरांत वाद व्हायचे. आता गंमत पाहा. बॉनेट उघडलं तर दोन्हीकडे मुळात एकच इंजिन! फियाटच्या तंत्राचं, १२४८ सीसीचं. मारुतीने त्याला ‘डीडीआयएस’ म्हटलं, टाटांनी ‘क्वाड्राजेट’, आणि फियाट स्वतः ‘मल्टिजेट’ म्हणत होती.

असं का झालं? नवं डिझेल इंजिन शून्यापासून उभं करायचं तर अफाट पैसा आणि बरीच वर्षं लागतात. म्हणून सुझुकीने फियाटकडून परवाना घेतला आणि मानेसरला हे इंजिन बनू लागलं. इकडे पुणे जिल्ह्यात, रांजणगावला, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतला कारखाना तेच इंजिन बनवत होता.

मग जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे मात्र सुटले नाहीत. दरांतली तफावत वाढली, गिऱ्हाईक डिझेलकडे धावलं आणि मारुतीला इंजिनं पुरेनात. जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने करार केला तो थेट रांजणगावशी: वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं, तीन वर्षं. म्हणजे ज्या कारखान्यात टाटांची निम्मी भागीदारी, त्याच्याच इंजिनावर टाटांचा प्रतिस्पर्धी धावणार!

इथे आम्हाला ‘मिलिंदपञ्ह’ आठवतो. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे नेमकं काय? आस? चाकं? जू? यांतला एकेक भाग म्हणजे रथ नव्हे, आणि भाग सोडून वेगळा रथही नाही. ‘रथ’ हे त्यांच्या जुळणीला दिलेलं नाव. मग ‘आमची स्विफ्ट’, ‘आमची व्हिस्टा’ म्हणजे तरी काय? इंजिन सामायिक; पण बांधणी, किंमत आणि विक्रीनंतरची सेवा ज्याची त्याची. स्पर्धा खोटी नव्हती. ती फक्त आपण समजत होतो तिथे नव्हती.

याला मैत्री म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. ही गरजेची सोबत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. गरज सरली, सोबत सुटली.

कंपन्यांना हे जड जात नाही. त्या दुसरा करार करतात. पण सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदाराचं काय? मोठ्या करारावर त्याची सही नसते, पण त्याचं यंत्र आणि त्यासाठी काढलेलं कर्ज त्या एकाच भागात अडकलेलं असतं. प्रतिस्पर्धी एकत्र येतात तेव्हा जोखीम वाटली जाते, असं पुस्तकं सांगतात. आम्ही विचारतो, कोणाकोणात वाटली जाते? आणि कोणावर ढकलली जाते?

या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही. तुम्ही विचार करून या. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.