चाचरणं

नीट बोलता न येणाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तुटवडा नाही. लहान पोर बोबडं बोलतं, त्याचं कौतुक होतं. कुणी जन्माचा तोतरा असतो, त्यात त्याचा गुन्हा काय? पण चाचरणं वेगळं. चाचरणारा गडी घरात, दोस्तांत धडाधड बोलतो. समोर कोण उभा आहे ते बघून त्याची जीभ अडते. शब्दकोशात 'चाचरणे' म्हणजे बोलताना अडखळणे, एवढंच. समोर कोण होता, ते कोशात नाही. तो इतिहास आपणच लिहायचा.

'ततपप' तर त्याहून वाईट. 'साहेबानं विचारलं तसा ततपप करायला लागला' म्हटलं, की ऐकणारा समजून चालतो, गडी खोटारडा. भीती आणि खोटेपणाचा आळ एकाच शब्दात बसवलाय.

ही भीती आली कुठून? गावानं आमच्या आज्या-पणज्याला बोलायची रीत लावून दिली होती. लांब उभं राहायचं, वाकायचं, 'जोहार मायबाप' म्हणायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेलं बोलल्यावर स्वतःचं वाक्य काढताना जीभ चाचरणार नाही तर काय?

रक्ताचाच दोष आहे म्हणणाऱ्यांना मी मुक्ता साळवेचं नाव सांगतो. मांगाची चौदा वर्षांची पोर, जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिनं टाकला. कुठं चाचरली ती? थोडी शाळा मिळाली आणि जीभ सुटली. पुढं 1888 साली फौजेतले पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' काढून सवर्णांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. 1903 ला सासवडला शिवराम जानबा कांबळ्यांनी 51 गावांच्या महारांची सभा भरवून सरकारकडं अर्ज केला.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. नावातच मुकेपणा कबूल केलेला. आणि शिरोभागी तुकोबांचा अभंग निवडला तो नेमका भीड सोडण्याचा. मला हे फार मोठं वाटतं. रोग जिभेचा नाही, भिडेचा आहे, हे निदान पहिल्याच अंकावर छापलंय.

आता आजचं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. माझ्या पाळीतला एकजण चौकशीला उभा राहिला. तीन साहेब खुर्चीत, हा उभा. मधे मधे थांबला, एवढंच. कागदावर आलं, 'समाधानकारक उत्तर देता आले नाही.' थांबला तेव्हा तो काय आठवत होता, कुणी विचारलं नाही.

कोर्टातही तेच. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 280 व्या कलमात साक्षीदाराच्या हावभावावर शेरा मारायची तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली, तरतूद राहिलीच. अत्याचाराच्या केसमध्ये आपली बाई पिंजऱ्यात उभी राहते, समोर गावातले बडे बसलेले. ती चाचरली, की वकील म्हणतो, पढवलेली आहे.

म्हणून काम पोलीस ठाण्यापासून सुरू होतं. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. त्यातलं 4 थं कलम पाठ करा. तोंडी फिर्याद लिहून घेतली, की सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. बाई चाचरत सांगते तेव्हा लिहिणारा मधल्या जागा आपल्या मनानं भरतो. वाचून घेतलं तरच ते कळतं. आणि ती थांबली तर थांबू द्या. आपले कार्यकर्ते तिथं घाई करतात, तिचं वाक्य स्वतःच पुरं करतात. मग कागदावर कार्यकर्त्याचं बोलणं उतरतं, आणि उलटतपासणीत उभी राहते ती.