बघणारं गाव, दाखवणारं गाव

मंगळवेढेकरांनो, थोडा इतिहास. १ ऑगस्ट १९७५. आपल्या शिवेपलीकडच्या विजापूर जिल्ह्यातल्या काही गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही आला. 'साईट' प्रयोग: सहा राज्यं, सुमारे २४०० गावं, मुदत एक वर्ष. उपग्रह अमेरिकेचा, कार्यक्रम आपले. वर्ष भरलं, उपग्रह परत गेला. गावाच्या वाट्याला फक्त बघणं होतं, दाखवणारा दुसराच.

आज काय लागतं? १६ मेगाहर्ट्झची अर्डुइनोची चिप, मेमरी फक्त २ केबी, दोन रेझिस्टर आणि जुन्या डबा टीव्हीची पिवळी पिन. पडद्याची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. तेवढ्यात चिपला १०२४ ठोके मिळतात. ओळीच्या सुरुवातीला शून्य व्होल्ट, काळ्याला ०.३, पांढऱ्याला १. वेळ चुकली की चित्र वाकडं. सगळा खेळ एवढाच!

दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच गावात. मग हे ज्ञानाचं कोठार पोरांसाठी बंद का? भंगारात चाललेला चालू टीव्ही शाळेला द्या. आपल्या ज्वारीचा आजचा भाव पोरंच पडद्यावर दाखवतील.