उन्हाळी सोयाबीन: एका बियाण्याचा इतिहास

मंडळी, आज एका पिकाच्या पेरणीच्या तारखेबद्दल बोलू. सोयाबीन पावसाळ्यातच का पेरायचं? याचं उत्तर अमेरिकेत 1920 साली मिळालं. गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी ‘बिलॉक्सी’ हे सोयाबीन थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं. फुलं मात्र सगळ्यांना जवळपास एकदमच आली. दिवस लहान झाला, रात्र मोठी झाली, की हे झाड फुलतं. आता आपल्याकडचा हिवाळा घ्या. दिवस लहान, रोप वीतभर होतं न होतं तोच फुलावर येतं. मग शेंगा लागणार किती?

म्हणून भारतात ते खरिपाचं पीक झालं. 1960च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरला, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने, प्रयोग सुरू झाले. पावसाळ्यात पडीक राहणारी माळव्यातली काळी जमीन त्याला मिळाली. पुढे 1994 साली प्रसारित झालेल्या ‘जेएस 335’ने विदर्भ-मराठवाडाही व्यापला.

पण एक दुखणं राहिलंच. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ. मळणीत मार बसला, काढणीत भिजलं, की उगवण गेली. 2019च्या ऑक्टोबरमध्ये उभं पीक पावसात सापडलं आणि 2020च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पेरलेलं उगवलंच नाही! दुबार पेरणीची वेळ आली. तक्रारींचा ढीग पडला; औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

त्यानंतर उन्हाळी बीजोत्पादनावर जोर आला. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पेरायचं, एप्रिल-मेमध्ये काढायचं. हिशेब सोपा आहे. खरिपाचं बियाणं सात-आठ महिने पोत्यात, त्यात उन्हाळ्याची काहिली सोसतं. उन्हाळी बियाणं महिन्या-दीड महिन्यात पुन्हा मातीत जातं. उतारा कमी येतो, मार्चच्या उन्हात फुलं गळतात, दाणा बारीक राहतो. पण बियाणं म्हणून तो ताजा असतो.

सोयाबीन स्वपरागी आहे, म्हणजे सरळ वाणाचं बी घरचं धरता येतं. अडचण पाण्याची. उन्हाळ्यात पाळीवर पाळी द्यावी लागते. ज्याची विहीर, त्याचंच बियाणं. कोरडवाहूवाल्याने काय करायचं? त्याने निदान जूनपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर उगवले, तर पेरावं. कमी उगवले, तर दुकानदाराशी भांडायला अजून वेळ असतो. पेरल्यावर तो राहत नाही.