व्याजाचा दर आणि विषाणूचा प्रसार

साथींचा इतिहास आपण बहुधा जंतू, लस आणि औषधे यांच्या शोधांतून शिकवतो. एचआयव्हीच्या प्रतिबंधाच्या इतिहासात मात्र एका पतसंस्थेलाही जागा द्यावी लागते. ती का, हे पाहू.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या तपासणीत आढळली. समाजाची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या लागण झालेल्या तरुणाला कायद्याच्या आधारे ६४ दिवस स्थानबद्ध केले गेले. अशा सक्तीने उलटेच होते. डांबले जाण्याच्या भीतीने माणसे तपासणी टाळतात आणि विषाणू नजरेआड पसरत राहतो.

१९९२ मध्ये कलकत्त्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत वेगळी वाट निवडली गेली. सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ डॉ. स्मरजित जाना यांनी एचआयव्हीकडे व्यवसायातून येणारा धोका म्हणून पाहिले. खाणीतल्या धुळीने फुफ्फुसे बिघडली, तर आपण खाणकामगाराच्या चारित्र्याची चर्चा करत नाही. कामाची परिस्थिती तपासतो. तोच न्याय इथे लावला गेला. वस्तीतल्याच स्त्रिया प्रशिक्षण घेऊन घरोघरी माहिती आणि निरोध पोचवू लागल्या. गुप्तरोगांच्या जखमांतून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो, म्हणून त्यांवरील उपचारांची सोयही वस्तीतच झाली.

पण माहिती असूनही निरोधाचा आग्रह धरता येत नसे. गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाई, आणि डोक्यावर सावकाराचे जबर व्याजाचे कर्ज असे. नकार परवडावा म्हणून १९९५ मध्ये या स्त्रियांनी ‘उषा’ ही सहकारी संस्था काढली. नोंदणीसाठी स्वतःला ‘गृहिणी’ म्हणवून घेण्याचा सल्ला त्यांनी नाकारला. अखेर सदस्याच्या चांगल्या चारित्र्याची अट सरकारने काढली. १९९९ मध्ये आरोग्य प्रकल्पाचा कारभारही त्यांच्याच ‘दुर्बार महिला समन्वय समिती’कडे आला.

१९९२ मध्ये वस्तीतील निरोधाचा वापर जेमतेम ३ टक्के होता. दशकाच्या अखेरीस तो ८० टक्क्यांच्या वर गेला. त्या सुमारास मुंबईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत लागणीचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आढळत होते. सोनागाछीत ते १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिले. दोन शहरांच्या परिस्थितीत इतरही फरक होते, तेव्हा सारे श्रेय एकाच उपायाला देणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही दिशा स्पष्ट होती. पुढे २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करण्यास आणि भेदभावास मनाई केली.

वर्गात एचआयव्हीचा धडा शिकवताना आपण लागणीचे मार्ग फळ्यावर लिहितोच. त्यांच्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहावा असे आम्हांला वाटते : माहिती असूनही स्वतःला वाचवणे कोणाला शक्य होत नाही, आणि का?